साच्यातले सुटे भाग आणि पडद्यावरची पाने

गेल्या शंभर वर्षांत जे छंद कारखान्यांनी आणि कंपन्यांनी बाजारात आणले आणि लोकांनी आपलेसे केले, त्यांत प्लास्टिकचे सुटे भाग जोडून विमान, जहाज, रणगाडा किंवा यंत्रमानव यांची छोटी प्रतिकृती उभारण्याचा छंद आणि संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर स्वतः निवडलेल्या पानांनिशी पत्त्यांचा डाव मांडण्याचा छंद हे दोन लक्षात घेण्याजोगे आहेत. वरवर पाहता त्यांचा एकमेकांशी संबंध नाही, कारण एकात हाताला भरपूर काम असते, तर दुसऱ्यात बोट सरकवण्यापलीकडे हाताला काम उरत नाही आणि सगळा व्यवहार डोक्यात चालतो. तरीही दोन्ही छंद जोपासणारी मंडळी पुष्कळदा तीच असतात, आणि जपानमधील बंदाईसारखी एकच कंपनी प्रतिकृतींची किट व संग्राह्य पत्ते असे दोन्ही प्रकारचे सामान विकत आली आहे. दोन्हीकडे कच्चा माल दुसऱ्याने ठरवून दिलेला असतो आणि हौशी माणसाचे स्वातंत्र्य त्या मालाची निवड, मांडणी व हाताळणी यांत असते, हे या जवळिकीचे कारण होय. माल विकण्याची रीत मात्र दोन्हींत अगदी उलट आहे, आणि या छंदांची पारख करायची तर नजर तिथेच ठेवावी लागते.

प्रतिकृतीचे किट म्हणजे एखाद्या वस्तूचे ठरावीक प्रमाणात लहान केलेले पण न जोडलेले भाग, ते जोडण्याचा क्रम दाखवणारी चित्रपुस्तिका आणि बहुधा रंगीत खुणांचे स्टिकर यांचा एका खोक्यात भरलेला संच होय. लाकूड तासून विमाने आणि जहाजे करण्याची हौस जुनीच होती. प्लास्टिकच्या किटची सुरुवात मात्र साधारणपणे १९३६ पासून धरली जाते, कारण त्या वर्षी ब्रिटनमध्ये फ्रॉग या नावाने विकल्या जाणाऱ्या उडत्या विमानांच्या जोडीला पेंग्विन ही नवी मालिका आली, जिच्यातली विमाने उडत नसत आणि म्हणूनच तिला न उडणाऱ्या पक्ष्याचे नाव मिळाले. या विमानांचे प्रमाण १/७२ होते, म्हणजे मूळ विमानाची ७२ फूट लांबी प्रतिकृतीत एक फूट भरत असे. सहा फूट उंचीचा माणूस या प्रमाणात बरोबर एक इंचाचा होतो, त्यामुळे फूट-इंचांत मोजणाऱ्या देशाला ते सोयीचे वाटले यात नवल नाही. ही किट सेल्युलोज ॲसिटेटची होती आणि तो पदार्थ वर्षे लोटतील तसा वाकतो, म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतर त्याची जागा पॉलिस्टायरीन या कडक, स्वस्त आणि साच्यात सहज ओतता येणाऱ्या प्लास्टिकने घेतली. हंगेरीतून आलेल्या निकोलस कोव्ह या निर्वासिताने १९३९ मध्ये ब्रिटनमध्ये स्थापन केलेल्या एअरफिक्स कंपनीने १९५२ मध्ये गोल्डन हाइंड या सोळाव्या शतकातील जहाजाचे छोटे किट वूलवर्थच्या दुकानांतून दोन शिलिंगांना विकायला आरंभ केला, आणि जोडकामाची हौस सामान्य खिशाच्या आटोक्यात आली.

पुढे या छंदाचे मुख्य केंद्र जपानमध्ये गेले. टोकियो आणि नागोया यांच्या दरम्यान, फुजी पर्वताच्या नैर्ऋत्येला वसलेले शिझुओका हे शहर आधीपासून लाकूडकामासाठी ओळखले जात होते, आणि आज या क्षेत्रात जगभर मान असलेली तामिया ही कंपनी १९४६ मध्ये तिथे लाकूड कापणारी गिरणी म्हणूनच सुरू झाली. लाकडाकडून प्लास्टिककडे वळताना तिने १९६० मध्ये यामातो या युद्धनौकेचे किट काढले, पण ते प्रतिस्पर्ध्याच्या स्वस्त किटपुढे टिकले नाही. त्यानंतर काढलेल्या पँथर या जर्मन रणगाड्याने मात्र कंपनीला सावरले. त्या रणगाड्याचे प्रमाण ठरवताना कोणतेही शास्त्र पाहिलेले नव्हते. तो मोटरवर चालायचा होता, त्याच्या पोटात बॅटऱ्या बसायला हव्या होत्या, आणि त्या बसतील एवढे धूड आखल्यावर ते मूळ रणगाड्याच्या सुमारे १/३५ भरले, एवढेच. आज निरनिराळ्या देशांतल्या कंपन्या लष्करी वाहनांच्या प्रतिकृती याच प्रमाणात काढतात, कारण एकदा एका प्रमाणाची वाहने घरात जमली की त्यांच्या शेजारी दुसऱ्या प्रमाणाचा सैनिक उभा करणे कुणालाही खपत नाही. हासेगावा, आओशिमा आणि फुजिमी या कंपन्याही शिझुओका प्रांतातल्याच असून बंदाईने आपले किटनिर्मितीचे केंद्र २००६ मध्ये शिझुओका शहरातच उभारले.

बंदाईचे नाव ज्या मालामुळे घरोघरी गेले त्याला गनप्ला म्हणतात, म्हणजे गंडम या चित्रमालिकेतील यंत्रमानवांची प्लास्टिकची किट. योशियुकी तोमिनो यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका ७ एप्रिल १९७९ रोजी जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. तिच्यातील यंत्रमानवांचे आराखडे कुनिओ ओकावारा यांनी केले होते, आणि त्यामागची दृष्टी वेगळी होती, कारण तोवरच्या मालिकांतले यंत्रमानव दैवी शक्तीचे एकमेव वीर असत, तर इथे ते लष्कराच्या कारखान्यात घाऊक तयार होणारी, बिघडणारी, इंधन संपणारी यंत्रे होती. लहान मुलांना ही कथा जड गेली, प्रायोजक खेळणी कंपनीचा माल अपेक्षेएवढा खपला नाही, आणि ५२ भागांची योजना असलेली मालिका ४३ भागांतच आटोपती घ्यावी लागली. परंतु किशोरवयीन आणि महाविद्यालयीन प्रेक्षकांना तिचे वेड लागले होते, पुनर्प्रक्षेपणांनी ते वाढवले, आणि बंदाईने जुलै १९८० मध्ये १/१४४ प्रमाणातील पहिले किट अवघ्या ३०० येनना बाजारात आणल्यावर त्यासाठी दुकानांपुढे रांगा लागू लागल्या. कथेत गंडमची उंची १८ मीटर आहे. १/१४४ प्रमाणात ती साडेबारा सेंटीमीटर, १/१०० प्रमाणात १८ सेंटीमीटर आणि १/६० प्रमाणात ३० सेंटीमीटर होते, आणि काल्पनिक यंत्राला खऱ्या विमानाप्रमाणे काटेकोर प्रमाण लावण्याची ही शिस्तच गनप्लाला इतर खेळण्यांपासून वेगळे काढते.

किट कसे तयार होते हे समजले की ते जोडण्यातली गंमतही समजते. पोलादाचे दोन अर्धे साचे एकमेकांवर घट्ट मिटवून त्यांमधल्या पोकळीत दोनशे अंश सेल्सियसहून अधिक तापवलेले वितळते प्लास्टिक प्रचंड दाबाने सोडतात. ते ज्या वाटांनी वाहत सुट्या भागांच्या पोकळ्यांपर्यंत पोहोचते, त्या वाटांतले प्लास्टिकही थंड झाल्यावर कडक होते आणि सगळे भाग तिच्याशी जोडलेली एक चौकट साच्यातून बाहेर येते. या चौकटीला रनर म्हणतात, भाग जिथे रनरला चिकटलेला असतो त्या अरुंद जागेला गेट म्हणतात, आणि प्रत्येक भागाशेजारी एक आकडा उमटवलेला असतो, जो पुस्तिकेतील आकड्याशी जुळवून भाग ओळखायचा असतो. साचा उघडताना भाग अडकू नये म्हणून त्याच्या बाजूंना किंचित उतार ठेवावा लागतो, जाडी सर्वत्र सारखी राखावी लागते, नाहीतर थंड होताना पृष्ठभागावर खळगा पडतो. म्हणजे एखाद्या यंत्रमानवाचा खांदा चार तुकड्यांत का विभागला आहे, याचे उत्तर बरेचदा शरीररचनेत नसून साच्याच्या गरजेत असते. लष्करी वाहनांच्या पारंपरिक किटमध्ये हे तुकडे विशिष्ट द्रावकाने जोडतात, आणि हा द्रावक सामान्य अर्थाने डिंक नव्हे, कारण तो पॉलिस्टायरीनचा पृष्ठभाग विरघळवतो आणि दोन कडा एकमेकींत मिसळून एकच तुकडा होतो. बंदाईने मात्र खाच आणि खुंटी यांची मापे इतकी अचूक केली की भाग नुसते दाबून बसतात, आणि एकाच रनरमध्ये चार रंगांचे प्लास्टिक ओतणारी यंत्रे आणून रंगवण्याची सक्तीही काढून टाकली.

या दोन सुधारणांनी छंदाचे दार नवशिक्यांसाठी उघडले, तर वेगवेगळ्या श्रेणींनी मुरलेल्यांना बांधून ठेवले. १९९० मध्ये हाय ग्रेड, १९९५ मध्ये मास्टर ग्रेड, १९९८ मध्ये परफेक्ट ग्रेड आणि २०१० मध्ये रिअल ग्रेड अशा श्रेणी येत गेल्या. पहिलीत बाह्य आकार आणि सांधे नीट असण्यावर भर असतो, मास्टर ग्रेडमध्ये आतला सांगाडा आधी उभा करून त्यावर चिलखत चढवावे लागते, तर परफेक्ट ग्रेडचे किट जोडायला सवडीच्या अनेक संध्याकाळी जातात.

जोडकामाची हत्यारे थोडी असली तरी त्यांचा वापर सावकाशीचा असतो. भाग रनरपासून कापण्यासाठी निपर ही बारीक धारेची पक्कड वापरतात आणि कसलेला माणूस एकाच गेटवर दोनदा कापतो, प्रथम भागापासून दूर आणि मग अगदी जवळ, कारण एकदम जवळ कापले तर ताणामुळे प्लास्टिकवर पांढरा डाग उमटतो. उरलेला खुंट आधी जाड आणि मग बारीक पॉलिशपेपरने घासून घालवतात, पृष्ठभागावरील खाचांत पातळ गडद रंग सोडून रेषा उठावदार करतात, आणि शेवटी चमक घालवणारा थर फवारून प्लास्टिकचा खेळणेपणा लपवतात. हे सर्व न करता केवळ भाग बसवले तरी प्रतिकृती पूर्ण होते, पण छंदाचा रस नेमका या न मागितलेल्या कामांत आहे. पुस्तिका पाहून जोडण्यात कसली आली निर्मिती, असा आक्षेप पुष्कळदा घेतला जातो आणि तो अगदीच निराधार नाही. तथापि एकाच किटमधून दोन माणसांनी केलेल्या प्रतिकृती शेजारी ठेवल्या तर कापणी, घासणी, रंग आणि उभे राहण्याची ढब यांवरून कोणती कुणाची हे ओळखता येते. अनेक किटांचे भाग एकत्र करून तिसरेच काही उभारणाऱ्यांचा एक स्वतंत्र पंथ आहे, आणि २०११ पासून बंदाई अशा कामांची जागतिक स्पर्धाही भरवत आली आहे.

महाराष्ट्रात किट न घेता प्रतिकृती करण्याची परंपरा दर दिवाळीत दिसते. अंगणात दगड, माती आणि गोणपाट यांचा किल्ला रचणे, उतारावर अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगववणे, बुरूज, तटबंदी आणि दरवाजे योग्य जागी बसवणे हे काम शास्त्रशुद्ध प्रतिकृतीच्या फार जवळ जाते; फक्त बाजारातून आणलेला मातीचा मावळा महादरवाजापेक्षा उंच निघतो आणि किटच्या छंदात ज्याला इतके महत्त्व असते तो प्रमाणाचा प्रश्न इथे खुशाल सोडून दिला जातो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडी या गावात तर या लेखातील दोन्ही विषय शेजारी नांदतात, कारण तिथली चितारअळी लाकडी खेळण्यांसाठी आणि लाकडी फळांसाठी प्रसिद्ध आहे, आणि तिथल्या राजवाड्यात गंजिफा हे हाताने रंगवलेले गोल पत्ते आजही तयार होतात. दशावतारी गंजिफेच्या एका संचात विष्णूच्या दहा अवतारांचे दहा गट आणि प्रत्येक गटात राजा, प्रधान व एक ते दहा अशी बारा, म्हणजे एकूण १२० पाने असतात, शिवाय निम्म्या गटांत दहा हे वरचे पान तर उरलेल्यांत एक्का वरचा, अशी उलटापालट असल्यामुळे हा खेळ स्मरणशक्तीची चांगलीच कसोटी पाहतो.

गंजिफा असो, ब्रिज असो की मेंढीकोट, या सर्व खेळांत एक संच सर्वांचा मिळून असतो, तो पिसून वाटला जातो आणि हातात आलेल्या पानांवर निभावावे लागते. ही हजारो डावांची रूढी ऑगस्ट १९९३ मध्ये मॅजिक: द गॅदरिंग या खेळाने मोडली. त्याचा कर्ता रिचर्ड गारफिल्ड हा संयोगशास्त्राचा, म्हणजे वस्तूंच्या निवडी आणि मांडण्या मोजणाऱ्या गणितशाखेचा, अभ्यासक होता. त्याने असा खेळ रचला की ज्यात शेकडो वेगवेगळी पाने अस्तित्वात असतात, प्रत्येक पानावर त्याचा स्वतःचा नियम छापलेला असतो, आणि दोन्ही खेळाडू आपापल्या संग्रहातून किमान ६० पानांचा संच घरीच निवडून आणतात. या निवडलेल्या संचाला डेक म्हणतात. डाव खेळण्यापूर्वीच अर्धा डाव खेळून झालेला असतो, ही या प्रकारातील मोठी नवलाई होय, आणि पुढे पोकेमॉन व युगिओह यांनी तीच वाट धरली.

पडद्यावर पत्ते येण्याची सुरुवात मात्र एकट्याने खेळायच्या डावाने झाली. १९९० मध्ये विंडोज ३.० बरोबर सॉलिटेअर घरोघरच्या आणि कचेऱ्यांतल्या संगणकांवर पोहोचले, तेव्हा वस्तू माउसने धरून ओढावी आणि हव्या त्या जागी सोडावी हे कौशल्य लाखो लोक त्या खेळातच शिकले. निवडलेल्या डेकचे खेळ त्यानंतर आले, मॅजिकची जालावरील आवृत्ती २००२ मध्ये निघाली, आणि या प्रकाराला खरा लोकाश्रय ब्लिझार्ड कंपनीच्या हार्थस्टोन या मार्च २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या खेळाने मिळवून दिला. हार्थस्टोनमध्ये डेक ३० पानांचा असतो, एका पानाच्या बहुधा दोनच प्रती ठेवता येतात, आणि पान खेळायला लागणारी शक्ती, जिला मॅना म्हणतात, ती पहिल्या फेरीत एक, दुसऱ्या फेरीत दोन अशी दहापर्यंत आपोआप वाढत जाते. नोंदणी केलेल्या खेळाडूंची संख्या दहा कोटींवर गेल्याचे कंपनीने २०१८ मध्ये जाहीर केले होते.

संगणकाने या खेळांत नेमके काय बदलले, हे पाहणे उद्बोधक आहे. तो पाने पिसतो, वाटतो, गुण मोजतो आणि नियमांचा अर्थ लावतो, त्यामुळे भिडूंमधली हुज्जत संपते, तशीच तिच्यातली मजाही संपते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कागदावर अशक्य असलेली पाने तो शक्य करतो, कारण खेळातील सर्व पानांपैकी कोणतीही तीन यदृच्छेने समोर मांडून त्यांतले एक निवडायला लावणारे, किंवा प्रतिस्पर्ध्याच्या डेकमध्ये गुपचूप एखादे पान मिसळणारे पान टेबलावर वापरायचे तर तिऱ्हाईत पंच बसवावा लागेल. पिसण्याच्या बाबतीत तर यंत्र माणसापेक्षा फारच सरस ठरते. ५२ पानांचा जोड हाताने अर्धे-अर्धे एकमेकांत सरकवून नीट मिसळायचा तर साधारण सात वेळा पिसावा लागतो, असे बेयर आणि डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ मध्ये दाखवले, आणि एवढी चिकाटी घरगुती डावांत क्वचितच कुणी दाखवतो.

गंमत अशी की पाने खरोखर न्याय्य रीतीने पिसली की खेळाडूंना ती लबाडी वाटते. मॅजिकमध्ये शक्ती पुरवणारी पाने वेगळी असतात, त्यांना भूमी म्हणता येईल, आणि ६० पानांत अशी २४ ठेवण्याचा प्रघात आहे. सुरुवातीच्या सात पानांत त्यामुळे सरासरी २.८ भूमी येतात, पण सरासरी म्हणजे हमी नव्हे, आणि हिशेब केला तर एकही भूमी न येण्याची किंवा एकच येण्याची शक्यता सुमारे १४ टक्के भरते. म्हणजे सातांतून एकदा हात जवळपास निरुपयोगी असतो. कागदी पाने अपुरी पिसणाऱ्यांना याची पूर्ण जाणीव कधी होत नाही. पडद्यावर ती होते आणि यंत्राने डाव आधीच ठरवून ठेवला आहे असा संशय घेतला जातो. मॅजिकच्या अरेना या डिजिटल आवृत्तीने यावर काढलेला तोडगा उल्लेखनीय आहे, कारण एका डावाच्या सामन्यांत ती पडद्याआड एकाहून अधिक हात काढते आणि डेकमधील भूमीच्या प्रमाणाशी जो अधिक जुळेल तो खेळाडूला देते, आणि ही गोष्ट कंपनीने स्वतःच जाहीर केलेली आहे. न्यायाचा आभास राखण्यासाठी यदृच्छेला थोडे वाकवावे लागते, असा याचा अर्थ होतो.

डेक रचणे हाच या छंदाचा गाभा असून त्याचे गणित शाळेतल्या अपूर्णांकांपलीकडे फारसे जात नाही. हार्थस्टोनच्या ३० पानांत एखाद्या पानाची एकच प्रत असेल तर पहिली दहा पाने पाहिली जाईपर्यंत ती हाती लागण्याची शक्यता एकतृतीयांश असते. दोन प्रती असतील तर ती सुमारे ५६ टक्के होते, म्हणजे दुप्पट होत नाही. युगिओहमध्ये डेक ४० ते ६० पानांचा चालतो आणि एका पानाच्या तीन प्रती ठेवता येतात. ४० पानांच्या डेकमध्ये सुरुवातीच्या पाच पानांत त्यांपैकी किमान एक येण्याची शक्यता सुमारे ३४ टक्के असते, तर ६० पानांच्या डेकमध्ये ती २३ टक्क्यांवर घसरते. म्हणून अनुभवी खेळाडू नियम परवानगी देतो त्यातला लहानात लहान डेक बांधतो आणि आवडती पण दुय्यम पाने निर्दयपणे बाहेर काढतो, आणि नवखा नेमके इथेच चुकतो, कारण त्याला प्रत्येक चांगले पान हवे असते. दुसरी कसोटी खर्चाच्या चढणीची असते, म्हणजे स्वस्त, मध्यम आणि महाग पाने अशा प्रमाणात ठेवायची की पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत हात रिकामा बसू नये. तिसरी गोष्ट पानांबाहेरची आहे, कारण बहुसंख्य प्रतिस्पर्धी सध्या कोणत्या प्रकारचे डेक खेळत आहेत याचा अंदाज घेऊन त्यांना पुरून उरेल असा डेक निवडावा लागतो आणि सर्वांनी तसेच केले की अंदाज पुन्हा बदलावा लागतो.

प्रतिस्पर्धी नको असलेल्यांसाठी एकट्याने खेळायचे प्रकारही उत्तम आहेत, किंबहुना या क्षेत्रातील सर्वांत कसदार काम गेल्या काही वर्षांत तिथेच झाले आहे असे म्हणता येईल. स्ले द स्पायर या २०१९ च्या खेळात डेक आधी बांधून आणायचा नसतो, तर प्रवासात पान पान जमवत तो वाढवायचा असतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या बलाट्रो या एकाच माणसाने घडवलेल्या खेळात पोकरमधील जोडी, तिय्या, रांग असे हात आणि त्यांचे गुण वाढवणारे जोकर एवढ्यावर विलक्षण गुंतागुंतीचा डाव उभा राहतो. बलाट्रोत पैसे लावता येत नाहीत आणि एकदा विकत घेतल्यावर आत काही विकतही मिळत नाही. तरीही पत्त्यांच्या जुगाराची चित्रे आहेत म्हणून युरोपच्या वयोवर्गीकरण संस्थेने तो काही काळ १८ वर्षांवरील ठरवला होता, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तो बारा वर्षांवरील केला. बंद पाकिटे पैसे घेऊन विकणारे फुटबॉलचे खेळ त्याच संस्थेच्या यादीत तीन वर्षांवरील मुलांसाठी योग्य म्हणून नोंदलेले होते.

पाकिटांचा हा विषय या छंदाची काळी बाजू आहे. संग्राह्य पत्ते कागदी असोत की डिजिटल, ते बहुधा बंद पाकिटात मिळतात, पाकिटात पाच किंवा अधिक पाने असतात आणि हवे असलेले दुर्मीळ पान त्यात असेलच असे नाही. किट घेणाऱ्याला खोक्यावर काय लिहिले आहे ते आत मिळते; पाकीट घेणारा शक्यता विकत घेतो. कागदी पान नको असेल तर ते दुसऱ्याला देता किंवा विकता तरी येते, डिजिटल पान बहुतेक खेळांत तेवढेही करता येत नाही, आणि नको असलेली पाने मोडून मिळणाऱ्या भुकटीसारख्या चलनातून हवे ते पान घडवायचे तर विनिमयाचा दर कंपनीच ठरवते. अशा विक्रीला निरनिराळ्या देशांनी लगाम घातला आहे. वेगवेगळ्या पाकिटांतून ठरावीक वस्तूंचा पूर्ण संच जमवल्यास बक्षीस देण्याची पद्धत जपानने २०१२ मध्ये बेकायदा ठरवली, वस्तू मिळण्याच्या शक्यता जाहीर करणे चीनने २०१७ पासून सक्तीचे केले, आणि बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ मध्ये अशा सशुल्क पेट्यांना जुगारच म्हटले. भारतातील २०२५ चा ऑनलाइन गेमिंग कायदा पैसे लावून पैसे जिंकण्याच्या अपेक्षेने खेळल्या जाणाऱ्या खेळांवर बंदी आणतो, त्यामुळे पैशांची रमी त्यात सापडते. ज्या खेळात पैसा फक्त बाहेर जातो आणि परत येण्याची आशाच नसते, तो या व्याख्येत बसत नाही, म्हणून तिथला संयम खेळाडूला स्वतःच पाळावा लागतो.

मालकीचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे, कारण पडद्यावरची पाने कंपनीच्या सर्व्हरवर राहतात आणि सर्व्हर बंद झाला की संग्रह संपतो. व्हॉल्व्ह या बलाढ्य कंपनीने २०१८ मध्ये आणलेला आर्टिफॅक्ट हा पत्त्यांचा खेळ, ज्याच्या आराखड्यात खुद्द गारफिल्डचा हात होता, काही महिन्यांतच ओस पडला आणि २०२१ मध्ये त्याचे काम थांबवून तो फुकट करण्यात आला, तेव्हा पाने विकत घेतलेल्यांच्या संग्रहाचे मोल फारसे उरले नाही. किटचा छंदही निर्दोष नाही, हे इथेच सांगितले पाहिजे, कारण प्रत्येक किटमागे रनरच्या रूपाने बरेच प्लास्टिक वाया जाते, आणि बंदाईने २०२१ पासून जपानमध्ये ते गोळा करून पुनर्वापरात आणण्याची योजना सुरू केली असली तरी इतरत्र ते बहुधा कचऱ्यातच जाते. शिवाय जोडण्याच्या वेगापेक्षा खरेदीचा वेग जास्त असल्यामुळे न उघडलेल्या खोक्यांची उतरंड घरात साचते, आणि या उतरंडीला जपानी हौशी मंडळींनी स्वतंत्र नाव देऊन ठेवले आहे.

ज्याला यांपैकी एखादा छंद सुरू करायचा आहे त्याने हाय ग्रेडचे १/१४४ प्रमाणातील एक किट, एक चांगला निपर आणि दोन-तीन प्रतींचे पॉलिशपेपर एवढ्यावर भागवावे आणि पहिले किट पूर्ण होईपर्यंत दुसरे आणू नये. स्वस्त निपरने भागांवर डाग पडतात, म्हणून काटकसर करायचीच असेल तर रंगांत करावी. पत्त्यांच्या खेळात स्ले द स्पायर किंवा बलाट्रो यांसारखा एकदाच पैसे मोजून पूर्ण मिळणारा खेळ आधी घ्यावा, आणि पाकिटांच्या खेळाकडे वळलेच तर पैसे न घालता एक डेक बांधून तो महिनाभर खेळावा, कारण बहुतेक असे खेळ रोज काही पाने फुकट देतात. त्यानंतरही पैसे खर्च करावेसे वाटले तर आधी पाकिटातील पानांच्या शक्यतांचा तक्ता उघडून वाचावा. अशा खेळांत तो बहुधा दुकानाच्याच पानावर, बारीक अक्षरांत दिलेला असतो.